हात जोडायचे, पण पडायचं नाही

तुमच्या हातात नुकतंच दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पडलं असेल, तर आधी अभिनंदन. दहावीला 35 टक्क्यांत पास करतात, इथे सवलतींसाठी किमान 40 लागतात. 39 वाला बिचारा लटकतो. त्याला ना ग्रेस मार्क, ना पुरवणी परीक्षा. तुम्ही पास झालात, म्हणजे यापुढे कृतज्ञ राहण्याचं काम तुमच्याकडे आलं. पगार नाही, सुटी नाही, पण शाली भरपूर मिळतात.

मी या खात्यातला जुना माणूस. दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. देशभर पल्स पोलिओचे डोस सुरू झाले 1995 मध्ये, तोवर माझी दहावी उरकली होती. भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर झालं 27 मार्च 2014 ला. त्या दिवशी मी गांधीबागेत एका कापडवाल्याच्या वह्यांत मान खाली घालून बसलो होतो. मी कर सल्लागार आहे, आणि मार्च एंडिंगला देश मुक्त झाला तरी आम्ही होत नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवातून दोन गोष्टी सांगतो, त्या ऐका.

गैरसोय दिसली की दृष्टिकोन बदलायचा. आमच्या बँकेच्या शाखेसमोर तीन पायऱ्या आहेत, मिळून दीड फूट उंची. नियमाने एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे रॅम्प अठरा फुटांचा हवा. बँकेचा पाच फुटांचा आहे. वर चकचकीत टाइल. चढताना टेकडी, उतरताना घसरगुंडी. पण कुरकुर करू नका, कारण गुढीपाडवा झाला की त्या रॅम्पवर कूलर येतो आणि चढण्याचा प्रश्नच मिटतो. नागपूरचा पारा 45 ला टेकलेला असताना कूलर हलवा म्हणणारा माणूस जिवंत परत जाणार नाही. तिथला पोरगा मोठा मायाळू आहे. मला म्हणतो, "काकाजी, तुम्ही खालीच थांबा ना जी, फॉर्म मी आणून देतो. अन् तिथं हवा बी मस्त लागते." लागते खरी. वाळ्याचा वास येतो, पाठीवर तुषार उडतात आणि माझा पासबुकातला खाजगी आकडा तो पोरगा दारातून मोठ्यांदा वाचून दाखवतो. रांगेतले लोक तेवढ्यापुरते माझ्याबद्दलची कणव मागे घेतात.

शब्दांबद्दलही ऋणी राहा. 27 डिसेंबर 2015, रविवार. सकाळी उठलो तेव्हा मी अपंग होतो. पंतप्रधान रेडिओवर बोलले आणि वरणभाताच्या वेळेपर्यंत माझं अंग दिव्य झालं होतं. पायऱ्यांना मात्र कुणी नवं नाव सुचवलं नाही.

आणि चमत्कारच हवा असेल तर माझ्या धंद्यात या. जुन्या कररचनेत आपल्यासारख्याला 75,000 रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व 80 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 1,25,000 ची. नवी कररचना निवडली की ही वजावट नाही. म्हणजे पोर्टलवर एका क्लिकमध्ये माणूस धडधाकट होतो. पायाला आधार देणारा कॅलिपर तेवढा घरी आल्यावर पुन्हा बांधावा लागतो.

मंगळवारी टेकडी गणपतीला ही आत दर्शनाला गेली होती आणि मी बाहेर दोन कुबड्यांवर उभा होतो. एक बाई आल्या, कुबडीच्या मुठीवरच्या माझ्या बोटांत दहाची नोट खोचली आणि सोबतच्या मुलाला म्हणाल्या, "पाह्य, त्याचे पाय असे असून तो हासून राह्यला, अन् तू शाळेत जायले रडतं." मी हसत नव्हतो, उन्हानं डोळे बारीक झाले होते. पण अशा वेळी खुलासा करायचा नाही. त्या मुलाच्या शिक्षणात आपलं योगदान असतं. पैशांचं म्हणाल तर नात्याबाहेरच्यांकडून वर्षात 50,000 रुपयांपर्यंतच्या रोख भेटीवर कर नाही. माझी 49,990 ची मर्यादा अजून शिल्लक आहे, इच्छुकांनी मंगळवारी यावं.

मुख्य परीक्षा असते 3 डिसेंबरला. जागतिक दिव्यांग दिन, मंच, बॅनर. मंचाला पायऱ्या, म्हणून चार स्वयंसेवक आपल्याला पोत्यासारखं उचलून वर ठेवतात आणि टाळ्या त्यांना पडतात. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. माझ्या दोन्ही हातांत कुबड्या. शाल खांद्यावर राहते, पण नारळ? एका वर्षी पाहुण्यांनी तो माझ्या हनुवटीखाली टेकवला आणि फोटोग्राफर म्हणाला, "सर, थोडे हात जोडा ना." आता हात जोडायचे तर कुबड्या सोडाव्या लागतात, आणि कुबड्या सोडल्या की मी पाहुण्यांच्या पाया पडतो, तेही पूर्ण साष्टांग. मान हलवून काम भागवायला शिका. भाषण दोन मिनिटांत आटपा आणि 2016 च्या दिव्यांगांसाठीच्या कायद्याचं नाव घेऊ नका, कारण त्या नावातच 'हक्क' हा शब्द आहे. तो कानावर पडला की आयोजकांचा चेहरा उतरतो, नारळ परत मागतात की काय असं वाटतं.

खरे आभार मानावेसे वाटतात तिथे सोय नसते, हा एक वैताग. मेट्रोच्या स्टेशनात लिफ्ट आहे. बटण दाबलं की येते, मी किती जिद्दी आहे हे विचारत नाही. पण तिला शाल घालता येत नाही. माझा एक अंध मित्र फुटपाथवरच्या खुणेच्या पिवळ्या फरशांवर असाच फिदा आहे. काठीनं त्या चाचपत तो रोज सकाळी निघतो आणि थेट एका तर्री-पोह्याच्या ठेल्याला धडकतो. ठेला नेमका फरशांवरच उभा आहे. "शासनानं माहा नाश्त्याचा विचार केला बाप्पा," असं तो म्हणतो.

आता जिद्दीबद्दल. ती सोडू नका, असं तुम्हाला प्रत्येक लग्नात कुणीतरी सांगेल. मी चाळीस वर्षं सोडली नाही. "कधी चाकाच्या खुर्चीवर बसला नाही पठ्ठ्या," असं लोक माझ्यासमोर माझ्याबद्दल सांगत. मग चांगला म्हणून मिरवलेला पाय थकायला लागला, खांदे रात्री ठणकू लागले. डॉक्टरांनी समजावलं, की पोलिओत काही चेतापेशी मरतात आणि वाचलेल्या पेशी नवे फाटे फोडून मेलेल्यांच्या वाट्याचे स्नायूही सांभाळतात. काही दशकं असा ओव्हरटाइम केल्यावर त्या थकतात. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. उपाय काय? तर म्हणे दमेपर्यंत काही करायचं नाही, शक्ती राखायची आणि लांब जायचं तर व्हीलचेअर. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल मला शाली मिळाल्या, नेमकी तीच मला बाधली होती.

व्हीलचेअर आली तेव्हा शेजारच्या मावशी डोळ्यांना पदर लावून गेल्या. सुतार बोलावून स्वयंपाकघराचा उंबरा काढायला घेतला, तर आई अडून बसली. दसऱ्याला पूजा कशाची करू, लक्ष्मी कुठून येईल? म्हटलं, "येईल ना, तिले बी सोपं जाईल." तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

चौथ्या दिवशी पहाटे मी चहा ठेवला. चहा मला आधीही करता यायचा, पण कुबड्यांवर कप घेऊन कोण चालणार? म्हणून जिथे केला तिथेच, ओट्याला टेकून प्यायचा. त्या दिवशी मांडीवर पोळपाट ठेवला, त्यावर दोन कप, आणि हळूहळू चाकं ढकलत, नसलेल्या उंबऱ्यावरून पुढच्या खोलीत गेलो. बशीत थोडा सांडला. सत्तेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच मी कुणाला तरी चहा नेऊन दिला होता. फोटोग्राफर नव्हता, आणि असता तरी हात जोडायला आता माझी हरकत नव्हती.

हिनं डोळे चोळत एक घोट घेतला.

"साखर कमी पडली जी."