चार तासांच्या झोपेची सवय होत नाही

"तालमीतला पैलवान पहाटे चारला उठतो, म्हणजे चार तास झोप पुरते, शरीराला सवय होते," असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. तो चुकीचा आहे.

पैलवान चारला उठतो हे खरं. पण तो रात्री लवकर आडवा होतो, आणि सकाळची मेहनत, खुराक झाला की दुपारी पुन्हा ताणून देतो. मेसेजमध्ये नेमकी हीच झोप गाळली आहे.

सवयीचं म्हणाल, तर २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना सलग १४ रात्री सहा, तर काहींना चारच तास झोपू दिलं. थोड्या दिवसांनी त्यांना पेंग आल्यासारखं फारसं वाटेना, पण लक्ष मात्र दिवसेंदिवस घसरतच गेलं. खरा धोका इथे आहे: शिरोलीत रात्रपाळी करून गाडीवर घरी निघालेल्या माणसाला आपण ठणठणीत जागे आहोत असंच वाटत असतं.

प्रौढांना किमान ७ तास झोप हवी. पहाटे डेअरीला दूध घालायचं असेल, तर रात्री साडेनऊलाच मोबाईल बाजूला ठेवा. संध्याकाळचा उशिराचा चहा तेवढा सोडा. पाचेक तासांनीही त्यातलं निम्मं कॅफिन अंगात असतं. झोपमोड झालीच, तर दुपारी वीस मिनिटं डोळा लावायला अजिबात लाजू नका.