सिंहाचं भाडं, वाघाची जागल

जुलै ते ऑक्टोबर नैरोबीतल्या आमच्या घराची धर्मशाळा होते. मारा नदीवर वाइल्डबीस्ट या मोठ्या हरणांचे कळप उतरायला लागले की आमच्याकडे पाहुणे उतरायला लागतात. एक रात्र मुक्काम, डॉलरची जुळवाजुळव, पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड पासपोर्टातच आहे ना याची तिसऱ्यांदा खातरजमा (ते नसलं तर परतताना मुंबईत अडकवून ठेवतात), आणि पहाटे मसाई मारा अभयारण्याची वाट. चौथ्या दिवशी हीच मंडळी धुळीने तांबडी होऊन परततात. मी पिठलं-भात करते आणि पहिल्या घासालाच कुणीतरी म्हणतं, "शिस्त पाहावी तर इथली. नाहीतर आपलं ताडोबा!"

अकरा वर्षं हे ऐकतेय. मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, त्यामुळे जरा जास्तच लागतं.

गेल्या ऑगस्टात, म्हणजे २०२५ मध्ये, हे वाक्य माझ्या मामेभावाने, पुण्याच्या दादाने ऐकवलं. त्याची तयारी आधीपासूनच होती. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे सफारीच्या गाड्यांनी दोन्हीकडून कोंडले होते. त्याचा व्हिडिओ त्याने घरच्या ग्रुपवर टाकला, मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतल्याची बातमी टाकली, आणि तेव्हापासून त्याचं ठाम मत आहे की भारतीय पर्यटकाला जंगलात सोडूच नये. पुढे नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटनात मोबाइल वापरायला बंदी घातली, तेव्हा त्याने पेढ्याचा फोटो पाठवला होता. आफ्रिका हे त्याच्या वादातलं शेवटचं हुकमी पान. "तिकडे बघ!" म्हटलं की विषय संपला.

यावेळी त्याच्यासोबत मामाजी होते. वय बहात्तर, ताडोबाच्या बफरला (गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्याला) लागून सहा एकर, कापूस-तूर-हरभरा. जन्म गेला तिथे, पण जिप्सीत कधी बसले नाहीत. "वाघ पाहायले पैसे कायले द्याचे? तो येतेच ना घरी," असं त्यांचं साधं गणित. नातवाच्या हट्टापायी पासपोर्ट काढला आणि आले. सुट्टी टाकून मीही गेले सोबत.

नैरोबी सोडून माई माहिऊचा घाट उतरलं की पुढे नारोक, आणि मग तो शेवटचा रस्ता, ज्याला इथले सगळे ड्रायव्हर 'आफ्रिकन मसाज' म्हणतात आणि दर वेळी नव्याने हसतात. ऑगस्टात मारा थंड असतं हे कोणाही पाहुण्याला सांगून पटत नाही. पहाटे सहाला उघड्या छताच्या गाडीत दादाचे दात वाजत होते, आणि मामाजी मसाई लोकांची लाल चौकड्यांची शुका डोक्यावरून घेऊन जागलीला बसल्यासारखे निवांत होते. वाटेत गाडी थांबवायची तर ड्रायव्हरने सांगितलं, इथे 'कुचिंबा दावा' म्हणायचं. म्हणजे औषध खणायला जातो. मामाजी खूश. "आमच्याकडं लोटा घेऊन जात, हे खणाले जातात." बायकांसाठी तीच शुका पडदा होते. (औषधाचा शब्द दावा, गाडीला गारी, दुकानाला दुका. स्वाहिली शिकताना मला अर्धे शब्द आयतेच मिळाले. सफारीसुद्धा आपल्या 'सफर'चीच सख्खी बहीण. आमच्या ऑफिसचा शिपाई मटाटूत, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये, बसून गावी निघतो तेव्हा तोही सफारीलाच निघालेला असतो. सिंहाशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.)

तर शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी तालेकच्या बाजूला एक चित्ता मादी दिसली, सोबत दोन अर्धवट वाढलेली पिल्लं. आम्ही पोचलो तेव्हा सात गाड्या होत्या. मग रेडिओ खरखरले. मी सत्तावीसपर्यंत मोजल्या, पुढे धुळीत मोजता येईना. नियम असा आहे की एका प्राण्याजवळ पाचच गाड्या, पंचवीस मीटर अंतर आणि वाट सोडून गवतात शिरायचं नाही. चित्ता उठली की सगळ्या गाड्या तिच्या पुढ्यात जाऊन थांबत. ती पुन्हा बसे. लांबून रेंजरची गाडी आली तेव्हा गुरुजी दिसल्यावर पोरं पांगावीत तसे सगळे पांगले, आणि ती गेल्यावर दहा मिनिटांत परत गोळा झाले. त्यात चिनी होते, जर्मन होते, नैरोबीचे केनियन होते, गुजराती तर होतेच. आणि आमच्या ड्रायव्हरच्या खांद्यावर थोपटून "थोडं पुढे घ्या ना, टिप देतो" असं म्हणणारा आमचा दादाही होता.

संध्याकाळी त्याने ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्यात चित्ता, गवत आणि आभाळ. एकही गाडी नाही. चंद्रपूर-नागपूर-पुण्याहून अंगठे आले. ही आफ्रिकेची शिस्त तयार कुठे होते ते मला तेव्हा नीट कळलं.

हे काही माझ्या डोळ्यांचंच म्हणणं नाही. मारातल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटक फार, तिथल्या माद्या एका वेतातली सरासरी ०.२ पिल्लं मोठी करू शकत होत्या. जिथे पर्यटक कमी, तिथे २.३. चित्ता दिवसा शिकार करते, म्हणजे नेमकी आमच्या गाड्यांच्या वेळात. आणि २०२५ च्या जुलैत, आम्ही जायच्या काही दिवस आधी, टांझानियातल्या सेरेंगेटीत नदी ओलांडायला आलेल्या वाइल्डबीस्टची वाट अडवून गाड्यांतून उतरलेले पर्यटक काठावर गर्दी करून उभे असल्याचा व्हिडिओ जगभर फिरला. दादाच्या फोनपर्यंत तो पोचला नसावा. ताडोबात निदान गेटवार गाड्यांची संख्या ठरलेली आहे, प्रत्येक गाडीत स्थानिक गाइड सक्तीचा आहे. माराच्या मुख्य राखीव भागात "आजच्या गाड्या पुऱ्या झाल्या, उद्या या" म्हणून गेटवरून परत पाठवलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

दादाचा दुसरा उपाय पैशाचा: "दर वाढवा, गर्दी आपोआप घटेल." माराने वाढवलेत की! २०२४ पासून परदेशी माणसाला जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, तेही सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. माणशी सतरा हजार रुपयांच्या आसपास झाले. एवढे मोजलेला माणूस चित्त्यापासून पंचवीस मीटर लांब थांबेल ही आशा फोल आहे. त्याला वसूल करायचं असतं. दर वाढून गर्दी घटली नाही, फक्त ती जास्त आग्रही झाली. केनियन माणसाला दर कितीतरी कमी आहे, तरी माझ्या घरी कामाला येणाऱ्या बाईने पन्नाशी गाठेपर्यंत सिंह पाहिलेला नाही. चंद्रपूरच्या शाळेतल्या पोराच्या नशिबात तरी हे येऊ नये.

या सगळ्यात मामाजी काय पाहत होते? जमीन. पहिल्या दिवशी गाडीतून उतरून त्यांनी ढेकूळ हातात घेऊन चुरडलं. "ही तं आपलीच माती!" आणि खरंच, तिथली काळी, भेगाळणारी जमीन आपल्या कापसाच्या काळीसारखीच, इथेही तिला ब्लॅक कॉटनच म्हणतात, आणि पावसात गाड्या तिच्यातच रुततात. "एवढी जमीन अन् एक नांगर नाही," हे ते दिवसभरात चार वेळा म्हणाले. सिंह नऊ दिसले, त्याबद्दल चकार शब्द नाही.

तिसऱ्या रात्री आमचा मुक्काम राखीव भागाच्या बाहेर, एका कॉन्झर्व्हन्सीत होता. हे प्रकरण आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही, कारण ते फोटोत येत नाही. माराच्या सुमारे १,५०० चौरस किलोमीटरला कुंपण नाही. जनावरं बाहेर मसाई लोकांच्या जमिनीवर फिरतात. एकूण केनियातलेच निम्म्याहून जास्त वन्यप्राणी सरकारी उद्यानांच्या बाहेर राहतात. पूर्वी ही जमीन सामाईक होती, पुढे ती माणशी वाटली गेली. मग शेजारशेजारच्या मालकांनी एकत्र येऊन ती कॅम्पवाल्यांना भाड्याने दिली. अट अशी की नांगरायची नाही, कुंपण घालायचं नाही, गुरं ठरल्या वेळी ठरल्या भागात चारायची. बदल्यात दर एकरामागे भाडं, पर्यटक येवोत न येवोत. कॅम्पवाल्यांवरही बंधनं; काही ठिकाणी दर ७०० एकरांमागे एकच तंबू. तिथे आम्ही सिंहिणीपाशी अर्धा तास होतो, दोनच गाड्या होत्या, आणि दादाला बोलायला काही सुचत नव्हतं.

कॅम्पवर रात्री राखणीला असलेला तरुण त्यातलाच एक मालक निघाला. दीडशे एकर. मामाजी शेकोटीपाशी त्याच्याजवळ जाऊन बसले आणि मला दुभाषी केलं. गाई किती? सिंहाने किती नेल्या? दोन, गेल्या वर्षी. मग? राग येतो, तो म्हणाला, माझ्या भावाला तर फार येतो. पण पहिल्या तारखेला फोनवर पैसे येतात.

मामाजी बराच वेळ गप्प होते. लांब तरस ओरडत होते. मग म्हणाले, "काय वं बाई, याले सिंहाचं भाडं भेटते. आमच्या वाघाचं कोन देते?"

माझ्याजवळ सोपं उत्तर नव्हतं, आजही नाही. महाराष्ट्र देतं ते सांगायला हवं. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर २५ लाख. केनियाच्या २०१३ च्या कायद्यात ५० लाख शिलिंग आहेत, पण इथे घरच्यांना वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात; या बाबतीत आपण बरे. ताडोबाच्या बफरमध्ये गाइड, जिप्सीचे चालक गावचेच आहेत, गाइड म्हणून बायकाही आहेत, गेटच्या पैशातून गावाच्या समितीला वाटा जातो. पण हे सगळं एकतर माणूस मेल्यावर, नाहीतर ज्याच्या घरचा कुणी पर्यटनात आहे त्याला. ज्याच्या सहा एकरांवर चितळ आणि डुक्कर पोसलं जातं, आणि त्यांच्या मागे वाघ येतो, त्याच्या वाट्याला पंचनामा. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाहीजवळ तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एका वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यात आमच्या ग्रुपवर शिस्तीचा विषय चालू होता.

मसाईंचं सगळं गोड आहे असं मी म्हणणार नाही. दीडशे एकर आणि सहा एकर यांत फरक आहे. गाय आणि झेब्रा एका कुरणात चरतात, कापूस आणि डुक्कर नाही. जमिनीचे कागद बहुतेक पुरुषांच्या नावावर, म्हणून भाडंही पुरुषाच्या फोनवर; शेणामातीचं घर लिंपणारी बाई ते कधी पाहते, देव जाणे. २०२० मध्ये विमानं थांबली तेव्हा 'येवोत न येवोत'चा करारही डगमगला, भाडी कापली गेली. काही मालक कंटाळून कुंपण घालतात. आणि राग पुरता जात नाही: २०१५ च्या डिसेंबरात मारातल्या सगळ्यात प्रसिद्ध सिंहांच्या कळपाला मेलेल्या गाईतून विष घातलं गेलं. आपल्याकडे तारेत वीज सोडतात, तसंच. शेजारच्या टांझानियात तर २०२२ मध्ये लोलिओंडोला वन्यप्राण्यांसाठी जमीन आखताना पोलीस आणि मसाई यांच्यात रक्त सांडलं, जखमी माणसं सीमा ओलांडून केनियात उपचाराला आली. आफ्रिका म्हणजे एक धडा नव्हे.

तरीही, इथून काही उचलायचंच असेल तर ती इथे नसलेली शिस्त कशाला? ते भाडं उचला. बफरला लागून ज्याचं शेत आहे त्याला एकरी ठरावीक रक्कम, दर वर्षी, त्याच्या किंवा खरं तर तिच्या खात्यात, नुकसान झालं की नाही हे न विचारता. समितीला नको, पंचनाम्यानंतर नको. आणि ते पैसे गेटाबाहेर स्विमिंग पूल बांधून बसलेल्या रिसॉर्टांकडून घ्या. दादाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग शेतकरी शेती सोडून देतील." त्याची स्वतःची पुण्यात दोन फ्लॅटची भाडी येतात. नोकरी अजून सुटलेली नाही.

परवा मामाजींचा फोन आला, रात्री. तिकडे अकरा वाजले असतील. हरभरा घाट्यांवर आलाय, डुकरांनी एक कोपरा साफ केला, कुंपणाचं झटका मशीन बंद पडलंय, म्हणून जागलीला माळ्यावर आहेत. ती लाल शुका अंगावर आहे, गावात सगळे विचारतात, कुठून आणली. मी म्हटलं, "मामाजी, भाड्याचं विचारलंत का कुणाला?"

"कोनाले इचारू?" म्हणाले, आणि बॅटरी कुठेतरी मारायची होती म्हणून फोन ठेवला.