भोकं बुजवून जीप वाचत नाही

मे महिना लागला की जुन्या जीप-जिप्सीवाल्यांच्या मोबाइलवर एक सल्ला फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, सार तेच राहतं. जुन्या गाडीचा पत्रा जाड आणि अस्सल, तो मुळात गंजत नाही. जिथे गंजलाय तिथे घासून रेड ऑक्साइड मारा आणि खालून डांबरी कोटिंग चढवा. सगळ्या फटी सिलिकॉनने भरा, फ्लोअरची भोकं बंद करा. आत रबर मॅट किंवा ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा ठोका. बोल्ट स्टेनलेसचे घाला. दर पावसाळ्याआधी चॅसीला जळकं ऑइल फासा. एवढं केलं की गाडी म्हणे आयुष्यभर लीकप्रूफ आणि रस्टप्रूफ.

यातलं निम्मं चूक आहे आणि उरलेलं अर्धवट. मूळ घोळ असा की पाणी आत येणं आणि पत्रा गंजणं हे एकच दुखणं आहे असं यात धरून चाललंय. थेंबही आत न घेणारी गाडी आतून सडू शकते. उलट दोन्ही बाजूंनी उघडी, वर नुसता कॅनव्हासचा हूड टाकलेली जीप धडधाकट फ्लोअरसकट कोकणात फिरताना दिसते. आत आलेलं पाणी किती वेळ मुक्काम करतं, यावर सगळं ठरतं. गाडी नव्याने बांधायची तर पाण्याला बाहेर पडायची वाट ठेवून बांधायला हवी. हा सल्ला नेमकी तीच वाट बुजवतो.

पत्र्याचा मुद्दा लवकर संपतो. जुन्या महिंद्रा जीपचा पत्रा आजच्या कारपेक्षा जाड असतो, हे खरं. पण तो साधा माइल्ड स्टील. आजच्या बहुतेक गाड्यांच्या बॉडीत जस्ताचा थर दिलेला पत्रा असतो, तसलं काही या जीपच्या नशिबी नव्हतं. जाडीमुळे भोक पडायला जास्त वर्षं लागतात, गंज थांबत नाही. आणि 'बघा, अजून कशा टिकल्यात' असं म्हणताना आपण फक्त टिकलेल्याच बघत असतो. बाकीच्या केव्हाच भंगारात गेल्या. टिकलेल्यांपैकी कितींचे फ्लोअर मूळचे आहेत, हेही जरा वाकून बघावं.

आता घासून रंग मारण्याचा मुद्दा. यावर थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

जीपची बॉडी एका अखंड पत्र्याची नसते. पत्र्यावर पत्रा चढवून स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिकठिकाणी ठिपक्यांसारखे जोड, मारलेले असतात, आणि फ्लोअरच्या खाली टोपीच्या आकाराची चॅनल्स जोडलेली असतात. दोन पत्र्यांच्या मधल्या त्या फटीत कारखान्यातला रंग नीट पोचलेलाच नसतो. पाणी मात्र तिथे आपोआप ओढलं जातं आणि उन्हातसुद्धा लवकर सुकत नाही. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो आतून पत्रे एकमेकांपासून दूर ढकलतो. जोड फुगलेला दिसतो तो यामुळे. वरून वायर ब्रश मारून तुम्ही गंजाचा फक्त चेहरा पुसता. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपमध्ये तर फ्लोअरखालच्या या चॅनलमध्ये लाकडी पट्ट्या भरलेल्या असायच्या. लाकूड पाणी पिऊन बसायचं आणि पत्रा आतून खलास. त्या जीप बांधणारे लोक आधी ती चॅनल्स उघडतात, रंगाचं नंतर बघतात.

म्हणजे करायचं काय? स्पॉट वेल्ड ड्रिलने काढून जोड उघडायचा. सडलेला पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा. नवा तुकडा कडेला कड भिडवून सीओटू वेल्डिंगने जोडायचा. आपल्याकडे गॅरेजात सर्रास जुन्या पत्र्यावरच नवा पत्रा चढवून पॅच मारतात. काम झटपट होतं, दिसतंही छान, पण त्यातून आणखी एक फट तयार होते आणि तिच्या पोटात जुना गंज जिवंत राहतो. पत्रे एकमेकांवर चढवणं टाळताच येत नसेल, तर दोन्ही आतल्या बाजूंना वेल्डिंग सोसणारा जस्ताचा प्रायमर आधी मारायला हवा. वेल्डिंगनंतर टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, इपॉक्सी प्रायमर, त्यावर जोडांची फट बंद करणारा पॉलियुरेथेनचा सीम सीलर, मग रंग. सीलर उघड्या किंवा गंजक्या पत्र्यावर लावला तर तो गंजावर झाकण घालण्यापलीकडे काही करत नाही.

रेड ऑक्साइडवर आपला फार विश्वास. खिडकीच्या गजापासून ट्रकच्या चॅसीपर्यंत तेच. पूर्वीच्या लाल प्रायमरात शिशाचा शेंदूर असायचा. तो विषारी, पण गंजाला खरोखर रोखणारा. आजच्या साध्या रेड ऑक्साइडमधला लाल रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड. रंग तोच राहिला, गुण गेला. त्याच्या थरातून ओल आरपार जाते. वरचा रंग धरून ठेवायला तो ठीक आहे, पण नुसता रेड ऑक्साइड मारून गाडी पावसात उभी करणं म्हणजे गंजाला थोडी उशिराची तारीख देणं.

गंजाचं रूपांतर करणारी द्रावणं बाजारात मिळतात, फॉस्फोरिक आम्लाची किंवा टॅनिनची. ती खोटी नाहीत. टॅनिन गंजाशी जुळून निळसर काळा, बऱ्यापैकी स्थिर थर तयार करतं. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करत, तीच ही क्रिया. भीमाशंकर-जुन्नरच्या डोंगरात गोळा होणाऱ्या हिरड्याला चामडं कमावण्यासाठी मागणी असते तीही या टॅनिनमुळेच. पण द्रावण पोचेल तिथेच काम करतं. पापुद्रे सुटलेल्या गंजावर ते वरच्या वर राहतं, आणि बंद जोडाच्या आत तर ते जातच नाही.

डांबरी कोटिंगचं दुखणं वेगळं. नवं असताना ते छान, काळंभोर, गाडी विकायला एकदम तयार. दोन-तीन उन्हाळ्यांत ते कडक होतं, खडी लागून त्याला बारीक चिरा पडतात. चिरेतून आत गेलेलं पाणी कोटिंग आणि पत्र्याच्या मध्ये पसरतं आणि तिथेच कोंडतं. खालून पाहणाऱ्याला सगळं आलबेल. लष्कराच्या डिस्पोजलमधली (लिलावात काढलेली) किंवा समुद्रकाठची गाडी घ्यायला गेलात आणि पोटाखाली ताजं डांबर दिसलं, तर किमतीची बोलणी तिथेच थांबवा, हातोडीच्या दांड्याने चॅसी ठोकून बघा. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं.

आता सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास येतो ना? तो ॲसेटिक आम्लाचा असतो. म्हणजे लोखंड वाचवायला आपण फटीत आम्ल भरतो. न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन मिळतं, त्यात ही भानगड नाही, पण सिलिकॉनवर रंग धरत नाही, तो कोणत्याही प्रकारचा असो. पुढे कधी ते काम उकरायची वेळ आली तर पेंटर तुमच्या नावाने बोटं मोडतो. बॉडीच्या जोडांना सिलिकॉन नको. विषय संपला.

पाणी येतं कुठून, हे न शोधताच नळी घेऊन सगळीकडे सिलिकॉन भरत सुटणं हा आणखी एक प्रकार. पावसात जीप चालवलेल्या माणसाला गुडघे ओले होणं सांगायला नको. ते पाणी बहुतेक वेळा काचेच्या फ्रेमखालच्या रबरी पट्टीतून येतं. फ्रेम पुढे पाडता यावी म्हणून ती बिजागरीवर असते, पट्टी वर्षानुवर्षं दाबून चपटी होते आणि कोपऱ्यांत फट राहते. दुसरी जागा काचेचं बीडिंग, तिसरी वायपरच्या दांड्याचं भोक, चौथी हूडची शिलाई. पाणी टपकतं तिथूनच आत आलेलं असतं असं नाही. ते पत्र्याच्या घडीवरून बरंच चालत येतं. म्हणून आतली मॅट काढा, आतला पत्रा कोरडा करून त्यावर खडूची पूड भुरभुरवा, एकाला टॉर्च देऊन आत बसवा आणि बाहेरून पाण्याची नळी धरा. सुरुवात खालून करून हळूहळू वर जायचं. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडून येतो आणि काहीच कळत नाही. पुडीवर ओली रेघ उमटली की तिच्या मागे जायचं. दरवाज्याच्या रबरासाठी कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढून बघा. सहज निघून आली तर तिथे रबर दाबलंच जात नाहीये. अशा वेळी अनेकदा रबर बदलायची गरजच नसते, बिजागरी किंवा लॉकची पट्टी सरकवून दार आत घेतलं की भागतं.

फ्लोअरची भोकं बुजवा, या सल्ल्याला तर काय म्हणावं! ती पाणी सोडण्यासाठीच ठेवलेली असतात. काच खाली-वर होणाऱ्या दरवाज्यात काचेच्या बाजूने पाणी उतरणारच, तशीच त्याची रचना आहे. ते तळाच्या खाचांतून बाहेर पडतं. त्या खाचा रंगाने, मातीने किंवा कुणाच्या सिलिकॉनने बंद झाल्या की दार खालून कुजायला लागतं. फ्लोअरच्या भोकांना काढता येणारी रबरी बुचं असावीत. ओढा-नदी ओलांडली की बुचं काढून फ्लोअर धुवायचा, वाळला की परत लावायची. पाण्यात उतरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: खालून अगदी घट्ट बंद केलेली हलकी गाडी खोल पाण्यात तरंगू पाहते, चाकांची पकड सुटते आणि प्रवाह तिला घेऊन जातो. आणि बॉडी कितीही बंद केली तरी डिफरन्शियलचा (चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचा) ब्रीदर, म्हणजे हवा जायचं तोंड, खालीच राहिलं असेल, तर गरम झालेलं डिफरन्शियल थंड पाण्यात शिरताच त्यातून पाणी आत खेचतं. पाइप लावून तो ब्रीदर वर आणणं हे वॉटरप्रूफिंगमधलं सगळ्यात स्वस्त काम, आणि फिरणाऱ्या सल्ल्यात नेमकं तेच नसतं.

चिकटवलेली रबर मॅट पावसाळ्यात ओल कोंडते, खाली फोम असेल तर विचारूच नका. कोकण किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस आणि महिनोन् महिने दमट हवा. आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड गंजायला थेंब दिसावा लागत नाही, आणि मीठ असेल तर त्याहूनही कमी पुरते. मॅट हवी तर सुटी ठेवा, रोज उचलता येईल अशी.

ॲल्युमिनियमचा चेकर्ड पत्रा रुबाबदार दिसतो, मान्य. पण पोलादावर रिव्हेट मारून बसवला की दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी साचतं, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते आणि खालचा फ्लोअर अंधारात गंजतो. लँड रोव्हरचा इतिहास यात बोलका आहे. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये पोलादाची टंचाई होती म्हणून त्यांनी बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली, चॅसी आणि बल्कहेड (इंजिन आणि केबिनमधला आडवा पत्रा) मात्र पोलादी ठेवलं. 'ॲल्युमिनियमची गाडी, गंजत नाही' अशी ख्याती झाली. प्रत्यक्षात त्या गाड्यांची चॅसी आणि बल्कहेड गंजतात, आणि दोन धातू जिथे भिडतात तिथे ॲल्युमिनियमही झडतं.

स्टेनलेसच्या बोल्टबाबत सल्ला अर्धा बरोबर. बोल्ट गंजत नाही, त्याच्याभोवतीचा साधा पत्रा गंजतो. भोकाच्या कडेचा रंग उडाला असेल तर तिथून लवकरच. भोक पाडल्यावर कडेला इपॉक्सी लावून, खाली नायलॉनचा वॉशर आणि ग्रीस घालून बसवला तर चालतो. बॉडी माउंट, सीट बेल्ट, सस्पेन्शन अशा भार झेलणाऱ्या जागी मात्र कंपनीने दिलेल्या ग्रेडचाच बोल्ट हवा. सहज मिळणारा स्टेनलेस बोल्ट तिथे ताकदीत कमी पडतो.

चॅसी हॉट-डिप गॅल्व्हनाइज करण्याचा पर्याय काही जण सुचवतात, आणि तो खरोखर चांगला आहे. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, अगदी ओरखडा पडला तरी. पण साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात चॅसी बुडवायची तर तिच्या बंद पोकळ्यांना हवा-पाणी जायला भोकं असावीच लागतात. कोंडलेल्या ओलीची वाफ होऊन स्फोट होतो. उष्णतेने चॅसी थोडी पिळवटू शकते, म्हणून नंतर मापं घ्यावी लागतात. आणि चॅसीवर ठोकलेला नंबर जस्ताखाली बुजू शकतो. तो वाचता आला नाही तर आरटीओत तपासणीच्या वेळी काय उत्तर देणार, याचा विचार आधी करा, चॅसी कारखान्यात पोचल्यावर नाही.

जळक्या ऑइलबद्दल थोडक्यात. ते काही काळ पाणी दूर ठेवतं, म्हणूनच ही पद्धत टिकली. पण त्यात इंजिनातली आम्लं आणि काजळी असते, ते सुकत नाही, धूळ धरतं, रबरी बुश फुगवतं आणि पहिल्या जोरदार पावसात ओघळून विहिरी-ओढ्यात जातं. चॅसीच्या आतल्या पोकळीसाठी कॅव्हिटी वॅक्स मिळतं, लांब नळीने आत फवारायचं. ते पातळ असताना जोडांत शिरतं आणि नंतर मऊच राहतं, म्हणून त्याला चिरा पडत नाहीत.

राहिला 'आयुष्यभर' हा शब्द. पहिलं म्हणजे, काम पावसाळ्याच्या तोंडावर काढूच नये. सँडब्लास्ट केलेली चॅसी जूनच्या हवेत काही तासांत पिवळट पडते, तिच्यावर त्याच दिवशी प्रायमर चढायला हवा. पत्र्याचं तापमान दवबिंदूच्या (हवेतली ओल पाणी होऊन जमते त्या तापमानाच्या) किमान ३ अंश वर नसेल तर इपॉक्सीखाली ओल अडकते. फेब्रुवारी ते एप्रिल हा कोकणातला योग्य काळ. दुसरं म्हणजे, वर्षातून दोनदा हात लावावाच लागतो. पावसाआधी दरवाज्यांच्या आणि चॅसीच्या सगळ्या भोकांत तार घालून माती काढायची. ऑक्टोबरच्या उन्हात मॅट, सीट बाहेर काढून मडगार्डच्या आत आणि चॅसीत गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, दोन दिवस दारं उघडी ठेवून गाडी उन्हात वाळवायची आणि मगच वॅक्सची नळी हातात घ्यायची.