‘आफ्रिकेत मॅमोग्राफीत काहीच सापडत नाही’ म्हणे!

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतंय. आफ्रिकेतल्या कुठल्याशा हॉस्पिटलात बायकांची मॅमोग्राफी (म्हणजे स्तनाचा एक्स-रे) केली, बहुतेकींचे रिपोर्ट नॉर्मल नाहीतर साधी गाठ असे आले, म्हणजे मॅमोग्राफी हा पैसे काढायचा धंदा, तिकडच्या बायकांना ब्रेस्ट कॅन्सर होतच नाही, आणि वर त्या रेडिएशननेच कॅन्सर होतो. हॉस्पिटलचं नाव नाही, साल नाही, देशसुद्धा नाही, आफ्रिका म्हणजे जणू एखादा तालुका. असो, एकेक मुद्दा घेऊ.

“बहुतेक नॉर्मल, म्हणजे मशीन फुकट.” अहो, बहुतेक नॉर्मलच यायला पाहिजेत! काहीच त्रास नसलेल्या १००० बायका तपासल्या तर अमेरिकेत पण साधारण ५ जणींनाच कॅन्सर निघतो. आता नायजेरिया घ्या, तिथे देशभर चालणारा मॅमोग्राफी स्क्रीनिंगचा (काही त्रास नसतानाच सगळ्यांना तपासण्याचा) कार्यक्रमच नाहीये, त्यामुळे हॉस्पिटलच्या रजिस्टरमध्ये गाठ लागते, दुखतं, निपलमधून पाणी येतं म्हणून डॉक्टरने पाठवलेल्या बायका आणि खिशातले पैसे भरून नुसतं चेकअपला आलेल्या बायका एकाच यादीत असतात. चेकअपवाल्या जास्त असतील तर नॉर्मल वाढणार, गाठवाल्या जास्त असतील तर कॅन्सर वाढणार. म्हणजे ती टक्केवारी त्या दिवसांत दारात कोण आलं ते सांगते, देशात कॅन्सर किती आहे ते नाही.

शिवाय रिपोर्टवर बायरॅड्सचा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणारा, आकडा असतो तो कोणी वाचतच नाही. १ म्हणजे नॉर्मल, २ म्हणजे निरुपद्रवी (फायब्रोअडेनोमा म्हणजे साधी गाठ, सिस्ट म्हणजे पाण्याची गाठ वगैरे), ३ ला कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांच्या आत, म्हणून सहा महिन्यांनी परत बघायचं, ४ म्हणजे संशय, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करा, आणि ५ असेल तर शक्यता ९५ टक्क्यांच्या वर. शून्य आलं तर ‘अजून फोटो किंवा सोनोग्राफी पाहिजे’ एवढाच अर्थ, काही नाही असा नव्हे. या सगळ्यांना ‘काही सापडलं नाही’च्या पोत्यात भरणं हा अडाणीपणा आहे, सॉरी.

“तिकडे हा कॅन्सर होत नाही.” प्रमाण युरोपपेक्षा कमी आहे हे खरं, पण मरण्याचं प्रमाण बघा, पश्चिम आफ्रिका जगात वरच्या नंबरांत आहे. नामिबिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, युगांडा, झांबिया या पाच देशांतल्या दोन हजारांहून जास्त पेशंटचा पाठपुरावा झाला, त्याचे निष्कर्ष २०२० ला आले, तर तीन वर्षांनी साधारण निम्म्याच जिवंत होत्या. नामिबियातल्या गोऱ्या बायकांत मात्र जवळपास ९० टक्के. देश तोच, आजार तोच! गाठ कळल्यापासून बायोप्सीपर्यंत महिनोन्‌महिने जातात, उपचार परवडत नाहीत, अर्धवट सुटतात, त्याचा हा हिशोब आहे.

“तरुण बायकांना मॅमोग्राफीचा उपयोग नाही.” यात थोडं तथ्य आहे. नायजेरियात लोकसंख्याच तरुण, त्यामुळे पेशंटही तरुण दिसतात, आणि तरुण वयात स्तन दाट असतो, फोटोत तो पण पांढरा आणि गाठ पण पांढरी, मग दिसणार काय? म्हणून तिशीच्या आतल्या बाईला आधी सोनोग्राफी करतात. पण हाताला गाठ लागतेय आणि मॅमोग्राम नॉर्मल आलाय, म्हणून घरी जाऊन बसायचं नाही, ती गाठ तपासायचीच.

रेडिएशनचं म्हणाल तर एका मॅमोग्राफीला साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), एवढं आपल्याला आजूबाजूच्या निसर्गातूनच सातेक आठवड्यांत मिळतं. आणि फोटो काढताना स्तन मशीनमध्ये दाबतात, ते? काही सेकंद दुखतं खरं, पण दाबल्यामुळेच डोस कमी लागतो, दाबल्याने कॅन्सर पसरत नाही.

आता ‘मग गावोगाव मशीन बसवा’ म्हणणाऱ्यांनाही एक गोष्ट. मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर मोठी चाचणी केली, निम्म्या गटात शिकवून तयार केलेल्या महिला आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करायच्या, मॅमोग्राफी नाहीच. वीस वर्षांचा हिशोब २०२१ ला आला: तपासलेल्या गटात कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, आणि नायजेरियातल्या कितीतरी पेशंट त्याच वयातल्या.