दगड कुठंय?

शेजारचे अण्णा वीस वर्षांपासून आमचा बांध कोरतायत, हे आमच्या घरात सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं आहे. यंदा बाबांनी पैसे भरून मोजणी लावली आणि मी पुण्याहून सुट्टी टाकून इंदापूर तालुक्यातल्या आमच्या गावी हजर झालो, ते पण पांढरे शूज घालून. शूजचा विषय इथंच संपवू.

मोजणीवाले साहेब काठीवरचं रोव्हर नावाचं, सॅटेलाइटवरून मोजणारं यंत्र घेऊन आले. मला वाटलं आता सॅटेलाइटच सांगणार, दहा मिनिटांत चहा प्यायला मोकळे. तर साहेब म्हणाले, "जुना हद्दीचा दगड दाखवा की एखादा, ताळा घ्यायला." म्हणजे आकाशातले सॅटेलाइट यंत्र शोधणार आणि बांधावरचा दगड आम्ही.

मग मी, चुलतभाऊ आणि नुसता सल्ला द्यायला आलेले आठ जण वेड्या बाभळीत घुसलो. दगडांना काय तोटा! चुलतभावाने नियम सांगितला, शेंदूर असला तर देव, चुना असला तर हद्द, काहीच नसलं तर धुण्याचा. मला एक बिनशेंदराचा घडीव दिसला, जोर लावून उपटला, तर तो कुणीतरी फुटक्या पाइपावर दाबून ठेवलेला निघाला आणि त्यानंतर माझी जी आंघोळ झाली ती आठही सल्लागारांनी मोबाईलवर शूट केली.

टिपणावरची, म्हणजे जुन्या मोजणीच्या कागदावरची, मापं साखळी-आण्यात. एक साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे, आणि ३३ बाय ३३ म्हणजे १०८९ स्क्वेअर फुटांचा एक गुंठा. पुण्यातला आमचा टूबीएचके एका गुंठ्यात मावून वर दोन स्कूटर लागतील, आणि इथं त्याच गुंठ्यापायी दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तसे आम्ही यात जुने हं. १८३५-३६ च्या सुमाराला गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी शेतसाऱ्यासाठी नव्याने मोजणी केली ती आधी आमच्या इंदापुरातच, म्हणजे बांधाच्या भांडणात आख्ख्या दख्खनमधे आम्ही सीनियर. तो इंग्रज मोजणीवाला लॅम्बटन तर १८०२ ला मद्रासहून हिंदुस्थान मोजत निघाला आणि १८२३ ला आपल्या हिंगणघाटला वारला, कबर पण तिथंच आहे. दुपारी चार वाजता तळपायात काटा मोडल्यावर मला तो फार जवळचा वाटायला लागला.

शेवटी साहेबांनी नाद सोडला, पलीकडच्या गटाचे दोन दगड धरून ताळा घेतला आणि खुणा करायला लागले. तेवढ्यात आजी चहा घेऊन आली. "काय हुडकताय रं सकाळधरनं?"

"दगड गं. घडीव, चौकोनी, एवढा."

"त्यो व्हय? गोठ्यात हाय की, म्हशीच्या दावणीला. नांगराला आडवा येतोय म्हणून तुझ्या आज्ज्यानंच आणून टाकलावता."

अण्णा बशीतला चहा फुंकत होते, ते फुंकायचेच थांबले.

चुन्याची रेघ आमच्या उसातून गेली. दीड गुंठा. अण्णांचा, आमच्याकडं.

बाबा बराच वेळ त्या रेघेकडं बघत उभे राहिले, मग साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "यंत्राची बॅटरी उतरली की आकडे चुकत असतील ना हो?"