‘पाच रुपयांचा कॉम्प्युटर शेअर घ्या आणि विसरून जा’: काकांच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी तळमजल्यावरच्या काकांचा प्रिंटर बघायला गेलो होतो. अडकलेला कागद काढेपर्यंत त्यांनी मोबाइल पुढे केला. “तू कॉम्प्युटरवाला ना, मग हे वाच आणि सांग.” आमच्या सोसायटीत वायफाय गेलं, लॅपटॉप रखडला, नातवाने फोनचा पासवर्ड बदलून ठेवला की मला हाक येते. मोबदला एक कप चहा. अलीकडे त्या चहाबरोबर शेअरही विचारतात. हार्ड डिस्क बदलता येणाऱ्याला कोणत्या कंपनीचा भाव वाढेल हेही कळत असणार, असा एक समज आहे. मग प्लंबरला धरणाच्या टेंडरचं का विचारत नाहीत, कोण जाणे.

संदेश तुमच्याही एखाद्या गटात आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १९९३ मध्ये इन्फोसिसचे १०० शेअर घेतले असते तर आज १५ कोटी झाले असते. अमळनेरच्या साध्या माणसांनी विप्रो वेळेत ओळखली आणि ते कोट्यधीश झाले. आता एआय आणि चिपची लाट आहे. पाच रुपयांच्या आतल्या सात कॉम्प्युटर कंपन्यांची यादी खाली दिली आहे. पाच रुपयांचा शेअर पडून पडून पडणार किती? रोज अप्पर सर्किट लागतंय (भाव एका दिवसात वाढू शकतो तितका वाढतोय), म्हणजे बडे खेळाडू शिरलेत. घ्या आणि विसरून जा. तळाशी एक लिंक.

इन्फोसिसचा हिशेब खरा आहे, हे आधीच कबूल करतो. शेअर ९५ रुपयांना विक्रीला आला, म्हणजे १०० शेअरचे साडेनऊ हजार. नंतरचे बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) आणि एक विभाजन (एका शेअरचे दोन) धरलं तर एकाचे १,०२४ होतात, म्हणजे १०० चे १,०२,४००. दीड हजार भाव धरा, १५ कोटींच्या वर जातं. पण त्याच हिशेबातल्या तीन गोष्टी फॉरवर्डने गाळल्या आहेत. एक, तो शेअर स्वस्तातला नव्हता. दहा रुपये दर्शनी, म्हणजे छापील किमतीचा कागद ९५ ला मिळत होता, आणि लोकांना तो इतका महाग वाटला की विक्री पूर्ण भरलीही नाही. उरलेला मोठा वाटा मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी वित्तसंस्थेने उचलला. दोन, १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या त्या कंपनीला तेव्हा बारा वर्षं झाली होती, परदेशी गिऱ्हाइकं होती, नफा होता. तीन, १५ कोटींपर्यंत पोचायला मधली वर्षं काढावी लागत होती. २००० च्या शिखरानंतर भाव निम्म्याच्याही बराच खाली गेला, आणि एप्रिल २००३ मध्ये तर एकाच दिवसात पाव भागाहून जास्त आपटला. त्या संध्याकाळी ‘विसरून जा’ म्हणणारं कोणी भेटलं नसतं.

शिवाय त्याच काळात बाजारात आलेल्या बाकीच्यांचं काय? नव्वदच्या दशकात लोकांकडून पैसे गोळा करून पत्त्यासकट नाहीशा झालेल्या कंपन्या इतक्या झाल्या की सरकारला त्या शोधायला समिती नेमावी लागली. ‘गायब कंपन्या’ हा सरकारी शब्द तिथला, आणि त्या यादीत दोनशेहून अधिक नावं होती. त्यांच्या १०० शेअरचे आज किती झाले, याचा फॉरवर्ड कोणी बनवत नाही.

अमळनेरचं वाक्य मात्र मला जास्त टोचलं, कारण ती गोष्ट आपल्या खानदेशातली आहे आणि उलटी सांगितली आहे. १९४५ मध्ये तिथे विप्रो निघाली तेव्हा तिचं नाव होतं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. धंदा वनस्पती तुपाचा, तेलाचा, साबणाचा. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी शेअर घेतले ते डोळ्यांसमोर चालणाऱ्या तेलाच्या कारखान्याचे. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी शिक्षण सोडून परतले आणि कारभार हाती घेतला. कॉम्प्युटर आला त्यानंतर खूप पुढे, आयबीएम या अमेरिकी कॉम्प्युटर कंपनीने भारत सोडल्यावर. म्हणजे अमळनेरकरांनी कुठली लाट ओळखली? कुठलीच नाही. त्यांनी ओळखीच्या कारखान्याचा कागद घेतला, तो ट्रंकेत ठेवला, आणि कंपनीने दरम्यान धंदाच बदलला. भाव दर मिनिटाला मोबाइलवर दिसत नव्हता, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं. असला फॉरवर्ड तेव्हा असता तर त्याने त्यांना ‘डालडा विका, ट्रान्झिस्टर घ्या’ असंच सांगितलं असतं, आणि अमळनेरात आज एकही कोट्यधीश दाखवता आला नसता.

‘पडून पडून पडणार किती?’ सगळाच पडेल. भाव पाच असो की पाच हजार, शंभर टक्के गेले की हातात शून्यच. शेअर पाच रुपयांचा आहे यावरून तो स्वस्त आहे की महाग हे कळतच नाही. एकूण शेअर किती, हे आधी विचारायला हवं. ४०० कोटी शेअर असतील तर पाचच्या भावाने कंपनीची किंमत २,००० कोटी झाली. भाकरीचे चतकोर केले म्हणून भाकरी स्वस्त होत नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्स आठवा. २००८ च्या जानेवारीत भाव आठशेच्या आसपास होता. २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि भाव पाचवर आला, तेव्हा ‘आता अजून किती पडणार’ म्हणून कितीतरी जणांनी घेतला. त्याच वर्षी तो रुपयाच्या खाली गेला. पाचवरून एकवर म्हणजे ऐंशी टक्के, आठशेवरून एकशे साठवर येण्याइतकंच. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचं २०२१ मध्ये त्याहून साधं झालं: कंपनी नव्या मालकाकडे गेली, जुन्या भागधारकांच्या वाट्याला शून्य.

आता लाटेबद्दल. एआयने जग बदलेल का? बहुतेक बदलेल. मी स्वतः रोज वापरतो, बिघडलेल्या मशीनचा एरर शोधायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण तंत्रज्ञान जिंकणं आणि त्याचा शेअर जिंकणं यांत फार अंतर आहे. सिस्को बघा. इंटरनेटचे राउटर बनवणारी कंपनी, मार्च २००० मध्ये जगातली सर्वांत किमती कंपनी, शेअर ऐंशी डॉलरच्या घरात. इंटरनेट येणार हे म्हणणाऱ्यांचं शंभर टक्के बरोबर निघालं. कंपनी बुडाली नाही, राउटर विकत राहिली, नफाही कमावत राहिली. तरी २००२ मध्ये शेअर दहा डॉलरच्या खाली होता, आणि त्या जुन्या शिखराचं तोंड पुन्हा बघायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. ही झाली खऱ्या, उत्तम कंपनीची कथा. आपल्याकडे त्याच दिवसांत केतन पारेख या शेअरदलालाच्या आवडत्या शेअरांची चलती होती: हिमाचल फ्युचरिस्टिक, डीएसक्यू सॉफ्टवेअर, सिल्वरलाइन, पेंटामीडिया. २००१ च्या मार्चमध्ये फुगा फुटला. माझ्या वडिलांच्या ऑफिसात एका सहकाऱ्याने पीएफमधून पैसे काढून यातलाच एक घेतला होता. त्यांच्यासमोर ‘सॉफ्टवेअर’ हा शब्द पुढे कित्येक वर्षं कोणी काढत नसे.

तेव्हाची एक युक्ती आजही चालते: नाव बदला. न्यूयॉर्कजवळ आइस टी विकणारी लाँग आयलंड आइस्ड टी नावाची कंपनी होती. डिसेंबर २०१७ मध्ये तिने स्वतःचं नाव लाँग ब्लॉकचेन (ब्लॉकचेन म्हणजे बिटकॉइनमागचं तंत्र) ठेवलं आणि शेअर एका दिवसात दुपटीहून वर उडाला. पुढच्याच वर्षी नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजाराने तिला बाहेर काढलं. आपल्याकडे १९९९-२००० च्या सुमारास सूतवाले, सिमेंटवाले ‘इन्फोटेक’ झाले, म्हणून शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने नियम केला: नव्या नावातून जो धंदा सूचित होतो, त्यातून आधीच्या वर्षाचं निदान अर्धं उत्पन्न यायला हवं. नियम आहे, पळवाटाही आहेत. आरआरपी सेमीकंडक्टर हे अगदी ताजं उदाहरण. पूर्वी नाव जी. डी. ट्रेडिंग अँड एजन्सीज. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत वीस रुपयांच्या आसपासचा शेअर रोज सर्किट लावत अकरा हजारांवर गेला. कंपनीनेच शेअर बाजाराला कळवलं की चिपचं उत्पादन अजून सुरू झालेलं नाही, आणि सचिन तेंडुलकरचे त्यात शेअर असल्याची अफवाही खोटी आहे. शेवटी व्यवहार आठवड्यातून एकाच दिवसावर आणले गेले.

यावरून सर्किटकडे येतो, कारण काकांना सगळ्यात जास्त भुरळ त्याचीच होती. रोज अप्पर सर्किट लागतं याचा सरळ अर्थ इतकाच की ठरलेल्या मर्यादेला भाव टेकलाय आणि त्या भावाला विकणारा कोणी नाही. बहुतेक शेअर चार-सहा जणांच्या मुठीत असले की हे घडवायला बडा खेळाडू लागत नाही. थोडीशी खरेदी पुरते. तुम्हाला घ्यायची इच्छा होते पण मिळत नाही, म्हणून आणखी होते. एक दिवस मात्र अचानक हवे तेवढे मिळतात. ते कोणीतरी तुम्हाला विकलेले असतात. दुसऱ्या दिवसापासून लोअर सर्किट सुरू, म्हणजे भाव रोज खालच्या मर्यादेला, आणि आता घेणारा कोणी नाही. साधना ब्रॉडकास्टच्या प्रकरणात सेबीने मार्च २०२३ च्या आदेशात जे मांडलं ते याच चालीचं होतं: यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ, ते पसरवायला जाहिरातींवर पैसा, वर गेलेला भाव, आणि व्हिडिओ बघून घेणाऱ्यांना आपले शेअर विकून मोकळे झालेले आतले लोक.

‘विसरून जा’ या सल्ल्याबद्दल एकच सांगतो. खरोखर विसरलात आणि सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जमा होतात. परत मिळतात, पण कागदपत्रांच्या चकरा मारून.

राहिली लिंक. हा मात्र माझा प्रांत. ती दाबली की आधी टेलिग्रामचा गट उघडतो, मग ‘आमचं खास अ‍ॅप’ म्हणून एपीके फाइल (फोनवर थेट बसवायची) येते. प्ले स्टोअरवरून नव्हे, थेट. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मागच्या वर्षी असंच एक बसवलं होतं. स्क्रीनवर वीस हजारांचे नव्वद हजार झाले. काढायला गेल्या तर ‘आधी कर भरा’. कर भरला, मग ‘खातं गोठलंय, ते सोडवायचं शुल्क’. ते नव्वद हजार म्हणजे कोणीतरी कुठेतरी बसून टाइप केलेला आकडा, शेअर कधी घेतलेच नव्हते. त्यावर त्यांना ‘मदत’ म्हणून एनीडेस्क (दुसऱ्याला दुरून आपला फोन चालवू देणारं) टाकायला सांगितलं, तेव्हा कुठे त्यांनी मला हाक मारली. मी पहिल्यांदा फोनचं नेट बंद केलं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवलं, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली. मग त्या अ‍ॅपला दिलेली एसएमएस वाचायची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचून बटणं दाबायची) परवानगी काढली, अ‍ॅप उडवलं, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. तोवर भरलेले पैसे गेले ते गेलेच. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीकडे नोंदलेल्या दलालांच्या यूपीआय पत्त्यात ‘व्हॅलिड’ हा शब्द येतो आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठा दिसतो. ते दिसत नसेल आणि पैसे एखाद्या माणसाच्या नावच्या खात्यात मागत असतील, तर तिथेच थांबा.

काकांबरोबर बसून यादीतलं पहिलं नाव बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर टाकलं. कंपनीचं जुनं नाव, शेवटच्या वर्षाची विक्री, वार्षिक अहवालातली कर्मचाऱ्यांची संख्या, पानावर निगराणीची सूचना (बाजाराचं या शेअरवर खास लक्ष असल्याची) आहे का, एवढंच बघायचं होतं. दहा मिनिटं लागतात. जुनं नाव कापडाच्या व्यापाराचं निघालं. कर्मचाऱ्यांचा आकडा वाचून काका काहीच बोलले नाहीत. आमच्या सोसायटीत वॉचमन त्याहून जास्त आहेत.

मग हळू आवाजात म्हणाले, “हाच घेतलाय मी. दोन हजार शेअर. गेल्या महिन्यात.” भाव पाहिला, सलग अकरावं लोअर सर्किट. आता ते रोज सकाळी सव्वानऊला विक्रीची ऑर्डर टाकतात आणि साडेतीनला ती तशीच परत येते. प्रिंटर मात्र चालू झालाय.