‘जास्त प्रथिने, कडक गोळी आणि चाऱ्याला रजा’: शेळीच्या गोळी पेंडेबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

शेळ्यांसाठी गोळी पेंड, म्हणजे दळून, दाबून गोळ्यांच्या रूपात बनवलेले खाद्य, कशी निवडावी, यावर एक संदेश शेळीपालकांमध्ये वारंवार फिरत असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच राहतो. ज्या पोत्यावर प्रथिनांचा आकडा सर्वांत मोठा, ती गोळी सर्वांत चांगली. गोळी कडक, गडद रंगाची आणि पाण्यात लवकर न विरघळणारी असावी. अशी गोळी मिळाली की चाऱ्याची गरज उरत नाही. शेळीची गोळी नसेल तर मेंढीची किंवा कोंबडीची चालते. आणि शेळी आवडीने खाते आहे, एवढा पुरावा दर्जासाठी पुरेसा आहे. यांतील बहुतेक विधानांत थोडेफार तथ्य आहे आणि म्हणूनच ती पटतात. परंतु त्यांवर विसंबून केलेल्या खरेदीची किंमत जनावरांना मोजावी लागते, आणि काही वेळा ती जिवावर बेतते.

सर्वाधिक फसगत प्रथिनांच्या आकड्यात होते. पोत्यावर छापलेली ‘क्रूड प्रोटीन’ची टक्केवारी प्रत्यक्ष प्रथिने मोजून काढलेली नसते. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी 1883 मध्ये मांडलेल्या पद्धतीने किंवा अन्य एखाद्या पद्धतीने खाद्यातील नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला 6.25 ने गुणले जाते. तो नायट्रोजन सोयाबीन पेंडेतून आला की युरियातून, हे या गुणाकारातून कळत नाही. युरियात सुमारे 46 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे 100 किलो खाद्यात 2 किलो युरिया असेल, तर त्यातून 0.92 किलो नायट्रोजन येतो आणि हिशेबात जवळपास पावणेसहा किलो ‘प्रथिने’ वाढतात. 14 टक्क्यांची साधी पेंड कागदावर 20 टक्क्यांच्या घरात जाऊन बसते. 2007 मध्ये उत्तर अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या खाद्यात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातील रसायन सापडले, त्यामागेही हाच हिशेब होता, कारण मेलामाइनमध्ये युरियापेक्षाही जास्त नायट्रोजन असतो.

युरिया सरसकट विष आहे, असे मात्र नाही. प्रौढ शेळीच्या कोटीपोटातील (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीव मर्यादित युरियापासून, सोबत पुरेसे पिष्टमय खाद्य असेल तर, स्वतःची प्रथिने बनवतात आणि ती पुढे शेळीला मिळतात. पण ज्या करडांचे कोटीपोट अजून कार्यरत झालेले नाही, त्यांना त्याचा उपयोग नसतो, आणि प्रमाण जास्त झाल्यास रक्तातील अमोनिया वाढून प्रौढ शेळीसुद्धा दगावू शकते. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न ‘प्रथिने किती’ एवढाच नाही, तर ‘त्यांतली युरियापासूनची किती’ हाही आहे. घरी एक अंदाज घेता येतो: गोळ्या कुटून कोमट पाण्यात भिजवाव्यात, त्यात न भाजलेल्या सोयाबीनचे चमचाभर पीठ घालून भांडे झाकून ठेवावे. कच्च्या सोयाबीनमधील युरिएज हे विकर (एन्झाइम) युरियाचे विघटन करते, आणि काही वेळाने झाकण काढताच अमोनियाचा उग्र दर्प आला, तर युरिया भरपूर आहे असे समजावे. दर्प न आल्याने युरिया नाही असे मात्र सिद्ध होत नाही, आणि हा नमुना जनावराला घालू नये.

शिवाय प्रथिने खरी असली तरी ‘जितकी जास्त तितकी चांगली’ हे चुकीचेच आहे. दूध तुटण्याच्या वयातील करडांना 16 ते 18 टक्के, वाढत्या करडांना आणि दुभत्या शेळ्यांना साधारण 14 ते 16 टक्के प्रथिनांचा आहार पुरतो. भाकड शेळीला किंवा प्रजननाच्या हंगामाबाहेरील बोकडाला त्याहून बरेच कमी. गरजेपेक्षा जास्त गेलेली प्रथिने शरीर साठवून ठेवत नाही. त्यांतील नायट्रोजन यकृतात युरियात बदलून लघवीवाटे जातो, त्यासाठी ऊर्जा खर्च होते आणि गोठ्यात अमोनियाचा वास वाढतो. पुष्कळ कळपांत उणीव ऊर्जेची असते आणि पैसा प्रथिनांवर खर्च होत राहतो, ही गोष्ट मला फार खटकते.

कडकपणा आणि रंग यांविषयी थोडक्यात सांगता येईल. गोळी किती टणक होईल, हे वाफ, साच्याची जाडी, दळण्याचा बारीकपणा आणि बांधणीसाठी घातलेले पदार्थ यांवर ठरते. पोषणाशी त्याचा थेट संबंध नाही. पोत्याच्या तळाशी फार चुरा नसावा, कारण शेळ्या तो टाकून देतात, एवढीच अपेक्षा रास्त आहे. गडद रंग मळीमुळे येतो, तसाच तो खाद्य जास्त तापल्यामुळेही येतो, आणि तसे झाले असेल तर त्यातील प्रथिनांची पचनीयता घटलेली असते. पाण्याची परीक्षा मात्र उलट्या बाजूने कामाची आहे. मूठभर गोळ्या पाण्यात पूर्ण विरघळू द्याव्यात, ढवळून वरचे गढूळ पाणी हलकेच ओतून द्यावे, पुन्हा पाणी घालून तेच करावे. शेवटी तळाशी जे जड कण राहतात, ते बोटांच्या चिमटीत चोळून पाहावेत. करकर लागत राहिली आणि थर जाड असला, तर आपण वाळूचे पैसे मोजले आहेत.

चाऱ्याला रजा देण्याचा सल्ला या सर्वांत धोकादायक आहे. गोळी बनवण्यासाठी कच्चा माल बारीक दळावा लागतो. त्यातले तंतुमय पदार्थ प्रयोगशाळेच्या अहवालात दिसतात, पण इतक्या बारीक कणांमुळे शेळीला रवंथ करावेसे वाटत नाही. रवंथ कमी झाला की लाळ कमी सुटते. लाळेतील बायकार्बोनेट कमी पोचले की कोटीपोटातील आम्लता वाढते, आणि तेथून अपचन, हगवण, थायमिनच्या (ब1 जीवनसत्त्वाच्या) अभावाने येणारा मेंदूचा विकार आणि आंत्रविषार (आतड्यातील जंतूंच्या विषामुळे होणारा आजार) यांची वाट मोकळी होते. चाराही दळून घातलेल्या ‘संपूर्ण आहार’ गोळ्यांनाही हे लागू पडते. आहारातील कोरड्या भागापैकी निदान अर्धा भाग तरी लांब धाग्याचा चारा आणि झाडपाला असावा.

नरांच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. गव्हाच्या कोंड्यात सुमारे 1 टक्का स्फुरद (फॉस्फरस) असतो आणि कॅल्शियम त्याच्या एक-सप्तमांश ते एक-दशांश. धान्यांतही स्फुरदच जास्त असतो. कोंडा आणि धान्य यांवर उभारलेल्या गोळीत चुनखडीची भर योग्य नसेल, तर लघवीत फॉस्फेटचे खडे तयार होतात आणि लहान वयात खच्ची केलेल्या बोकडाच्या अरुंद मूत्रमार्गात ते अडकतात. बोकड पाठ ताणून उभा राहतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबथेंब लघवी करतो. पुष्कळदा ते बद्धकोष्ठ समजून वेळ वाया जातो. म्हणून पोत्यावर कॅल्शियम आणि स्फुरद यांचे आकडे शोधावेत आणि त्यांचे प्रमाण 2 ला 1 च्या आसपास आहे का, ते पाहावे. नरांच्या खाद्यात अमोनियम क्लोराइड घातलेले असेल, तर ते लघवी आम्लधर्मी ठेवते आणि खडे होण्याचा धोका कमी करते.

मेंढीची गोळी चालते, या विधानात तांब्याचा मुद्दा सुटतो. मेंढीला तांबे लवकर बाधते, म्हणून तिच्या खाद्यात ते मुद्दाम कमी ठेवतात. शेळीला ते जास्त लागते, आणि कायम मेंढीचे खाद्य दिल्यास उणीव राहते. कोंबडीचे खाद्य तर टाळलेच पाहिजे. अंड्यांवरील कोंबड्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, आणि मांसल कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध घातलेले सॅलिनोमायसिन किंवा मदुरामायसिन असू शकते. ही औषधे शेळ्यांच्या हृदयाला आणि स्नायूंना अपाय करतात.

राहिला आवडीचा पुरावा. मळी, मीठ आणि सुगंधी द्रव्ये घातली की निकृष्ट खाद्यही शेळी चाटूनपुसून खाते. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष गोळी बनवतानाच्या उष्णतेने नष्ट होत नाही, आणि चवीवरूनही शेळीला ते नेहमी ओळखता येत नाही. म्हणून ओलावा 12 टक्क्यांपेक्षा कमी असलेले, अलीकडच्या तारखेचे, कुबट वास नसलेले पोते घ्यावे. नवी गोळी दहा ते चौदा दिवसांत जुन्या खाद्यात थोडीथोडी वाढवत आणावी, आणि लेंडी, रवंथ, दूध व वजन यांवर लक्ष ठेवावे. प्रत्येक खेपेतील मूठभर गोळ्या कोरड्या बंद बरणीत, उत्पादनाच्या तारखेची आणि बॅच क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवाव्यात. कळपात एकाच वेळी अनेक शेळ्या आजारी पडल्या, तर प्रयोगशाळेला तपासण्यासाठी नेमके तेच खाद्य हाताशी असते.